महिन्याचं सामान एकदम भरा, म्हणे!

मंडळी, कुठला दुकानदार गिऱ्हाइकाला कमी वेळा या म्हणतो?

आमच्या घरात अकरा माणसं. कॉलेज सोडल्यापासून दर रविवारी बिबवेवाडीतल्या दुकानातून किराणा आणायचं काम माझ्याकडे आहे. काउंटरवर मालकांची मुलगी बसते, म्हणून मी ते कुणाला देतही नाही.

आज काकूने बजावलं, "बिल कमी झालं नाही तर घरी येऊ नकोस." मी त्या मुलीला तसंच सांगितलं.

ती म्हणाली, "मग दर आठवड्याला सुटं कशाला नेता? तेलाचा डबा, डाळी, सगळं महिन्याचं एकदम भरा. बरंच स्वस्त पडेल."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे मी दर रविवारी आलेलो नकोय तुम्हाला?"

तिचे वडील साखर तोलायची थांबवून माझ्याकडे बघायला लागले. ती शांतपणे म्हणाली, "अहो, मी तूरडाळीबद्दल बोलतेय."

तिला खरंच आमची काळजी आहे, की ती मला टाळतेय? सल्ला बरोबर आहे, म्हणूनच जास्त संशय येतोय.

घरी काकूने विचारलं, "निघाला का काही मार्ग?" मी सरळ "नाही" म्हणालो. आता जेवताना कुणाकडे बघवत नाहीये.

तुम्ही असता तर घरी सांगितलं असतं?