सुभेदारांचा सक्तीचा पेपर

गणिताला भिणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण त्या भीतीपायी शत्रूच्या गोळीसमोर जाऊन उभा राहिलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. दहावीला मास्तरांनी कुठूनतरी गुण ओढून आणून त्यांना गणितात काठावर पास केलं, आणि त्या विषयाशी पुन्हा गाठ पडू नये म्हणून हे थेट साताऱ्याच्या भरतीला जाऊन उभे राहिले. तोफखान्यात कोन आणि अंतरं मोजावी लागतात असं कळल्यावर आपण हात जोडून पायदळ मागून घेतलं, असं ते सांगतात. सैन्यात मागेल ते मिळतं यावर माझा विश्वास नाही, पण सुभेदारांना हे कोण सांगणार? नोकरीत असतानाच त्यांनी बाहेरून बारावी केली, तीही अर्थात कला शाखेतून. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन कराडजवळच्या गावी ऊस लावायला परतले, तेव्हा मनात एकच इच्छा राहिली होती. "जलमभर ग्रॅज्युएट पोरांना सॅलूट ठोकला, दाजी. आता एकदा आरशात ठोकायचाय."

कराडला मी ज्या कॉलेजात मराठी शिकवतो, तिथंच त्यांनी बी.ए.ला नाव घातलं. विषय इतिहास. पहिल्या आठवड्यात ते तरातरा स्टाफरूममध्ये आले. नव्या अभ्यासक्रमात कला शाखेच्या मुलांनाही विज्ञान-गणिताचा एक पेपर सक्तीचा झाला होता. "तुमी मला फसिवलं," ते म्हणाले. "शिवाजी महाराज म्हणून बोलावलं आन आत टक्केवारी बसवून ठेवली."

तो पेपर शिकवायला तासिका तत्त्वावर आलेल्या मॅडम दुष्काळी माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या होत्या. मेंढरं राखणाऱ्या घरातली शिकलेली पहिली मुलगी, वयानं सुभेदारांच्या लेकीएवढी. एरवी या तासाला चार टाळकी बसत. सुभेदार इस्त्रीचा कोट घालून पहिल्या बाकावर बसू लागले, मॅडम आत आल्या की टाचा जुळवून उभे राहू लागले, आणि मागं कुणी बसून राहिलं तर नुसते वळून बघू लागले. महिन्याभरात वर्ग भरला. शंका मात्र एकटे सुभेदार विचारत. संभाव्यता शिकवली तेव्हा त्यांनी बांधावर बसून नाणं उडवायला सुरुवात केली. लागोपाठ छापा पडला तरी पुढच्या वेळी काट्याची शक्यता तेवढीच राहते, हे त्यांना पटेना. "मॅडम, नाण्याला काई लाज न्हाई का?" शेवटी ऊसतोडीच्या माणसांनी पैजा लावायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्यांना हाकलून देऊन ते नाणं त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं.

पण ज्या दिवशी मॅडमनी फळ्यावर जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढली, त्या दिवशी ते थेट माझ्या घरी आले. महाबळेश्वरचा पाऊस आणि माणचा पाऊस एकत्र करून भागला होता. "मॅडम म्हनल्या, काका, कागदावर आमचं गावबी भिजतंय," त्यांनी मला सांगितलं. "आन हसल्या. मला काई हसू आलं न्हाई, दाजी." त्यानंतर ते गणिताला शिव्या द्यायचे थांबले.

परीक्षेत नापास झाले. बाकी सगळा वर्ग पास. गावातल्या एका पुढाऱ्यानं निरोप धाडला की, अंतर्गत गुणांचं बघता येईल, मॅडम काय, कच्च्या नोकरीतल्या, ऐकतील. सुभेदार बुलेटवरून त्याच्या दारात गेले. "एकदा काठावरनं ढकललं हुतं मला," त्यांनी सांगितलं. "त्याची भीती अजून गेली न्हाई. आता मी माझा मी चढनार." पुढच्या वर्षी आपला तास नसतानाही ते खालच्या वर्गात जाऊन बसत. मॅडम तास संपल्यावर जिन्याखाली उभ्या राहून त्यांची गणितं बघत आणि चुकलं की परत करायला लावत. "व्हय मॅडम," म्हणून हा ताडमाड माणूस मान खाली घालून पुन्हा वही काढी.

आणि ते पास झाले. चांगले, मधल्या गुणांनी. साताऱ्याहून कंदी पेढे आणून ते कॉलेजात आले, तर मॅडमची नेमणूक पुढं वाढवली नव्हती. त्या सांगलीला, माधवनगर रस्त्यावरच्या एका खाजगी क्लासमध्ये शिकवायला गेल्या होत्या. सुभेदारांनी त्याच पावली बुलेट सांगलीकडे वळवली.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. बायकोनं चहा दिला, तो निवून गेला.

"भेटल्या?" मी विचारलं.

"भेटल्या. पेढा खाल्ला. डोळं पुसलं. मंग म्हनल्या, काका, बसा तासाला." त्यांनी कप बाजूला सरकवला. "मोठा वर्ग हाय. पंखं, माईक, सगळं. पोरं इंजिनेर व्हनारी, लय हुशार. मॅडम लिवत्यात, पोरं उतरून घेत्यात. तासभर कुनी हात वर केला न्हाई."

"हुशार मुलांना लगेच कळत असेल."

"कळत आसंल," सुभेदार म्हणाले. "पर मॅडम लिवता लिवता सारख्या पहिल्या बाकाकडं वळून बघत हुत्या."