काठोकाठ ताक

अख्ख्या नागपुरात गाडीचं दुखणं माझ्या बायकोच्या मामांइतकं अचूक ओळखणारा माणूस नाही, आणि गाडी चालवण्यात त्यांच्याइतका कच्चा माणूसही नाही. तरुणपणी ते शिकायला बसले होते म्हणे. पहिल्याच दिवशी लकडगंजात एका आरामशीनवाल्याच्या लाकडांच्या थप्पीवर गाडी चढवली, खाली उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले ते कायमचेच. तेव्हापासून गाडी मामी चालवतात आणि मामा मागे डोळे मिटून ऐकतात. घरातला मिक्सर असो की लग्नातला जनरेटर, आवाज आला की मामांची मान तिरपी झालीच म्हणून समजा. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा बाकीचे नातेवाईक माझं शिक्षण आणि नोकरी विचारत होते, मामांनी मला माझ्या जुन्या गाडीतून चौकापर्यंत एक चक्कर मारायला लावली आणि भर बैठकीत निकाल दिला, "पोरगा चांगला हाय. शॉकप बदलवा लागन." लग्न झालं. गाडीचे शॉकप तेवढे बदलायचे राहिले, आणि ते मला दर दिवाळीला ऐकून घ्यावं लागतं.

मामांचं निदानाचं एकमेव हत्यार म्हणजे ताक. स्टीलच्या ग्लासात काठोकाठ भरलेलं, तळहातावर धरलेलं. पाणी का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाण्याचा डाग वाळून जाते बाप्पा, ताकाचा सांगते." चक्कर संपली की ते सांडलेल्या ताकाकडे तब्येतीने बघत बसतात. त्यांची एकही पँट धड पांढऱ्या ठिपक्यांवाचून नाही. ते ताक पिण्याची मात्र कोणाला परवानगी नसते.

गेल्या वर्षी मामींच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लच दाबणं बंद, म्हणून ऑटोमॅटिक गाडी घेतली. ही नवी गाडी मात्र पहिल्या दिवसापासून अडखळू लागली. वेग घेता घेता गिअर बदलायची वेळ आली की क्षणभर थबके आणि मग असा झटका देई की मागच्या माणसाचा चष्मा नाकावर उतरे. गॅरेजवाल्यांनी कॉम्प्युटर जोडून पाहिला, गिअरबॉक्सचं तेल बदललं, स्वतः चालवून पाहिली. त्यांच्या हातात गाडी शहाण्यासारखी चाले. पुण्याहून मुलाचा फोन आला, "विकून टाका. आईनं आता चालवूही नये." मामी दरवर्षी स्वतः गाडी हाकत भिवापूरला बहिणीकडे मिरच्या आणायला जातात. त्या फोन ठेवून एवढंच म्हणाल्या, "गाडी गेली त मिरच्याही गेल्या." आणि भाजी निवडत बसल्या.

शेवटी मामांनी भिवापूरचाच दौरा काढला. मागे मामा, त्यांच्या हातात ताक, शेजारी मी. उमरेड रोडला लागेपर्यंत चार झटके बसले असतील. प्रत्येक वेळी ताक उडालं आणि प्रत्येक वेळी मामांचा चेहरा जास्त गंभीर होत गेला. चहाला थांबलो, मामी हात धुवायला गेल्या, तसं मामांनी मला समोरच्या सीटची पाठ दाखवली. ती ताकाने माखली होती.

"पाहा जावईबुवा. गिअरचा झटका राहिला असता त ताक माह्या शर्टावर आलं असतं. हे समोर गेलं. समोर जाते ते ब्रेकनं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गाडी ठणठणीत हाय. इंजिनचा आवाज चढला का तुमच्या मामीचा डावा पाय क्लच शोधाले जाते अन् ब्रेकवर पडते."

"मग सांगत काहून नाही त्यांना?"

"सांगितलं त आजच चाबी पोराच्या हाती देऊन टाकन. मी ओळखतो न तिले."

मामी आल्या. मामांनी घसा साफ केला आणि घोषणा केली, "फॉल्ट सापडला. या गाडीचा गिअर मागून ऐकू येत नाही. मी समोर बसतो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामा पुढे बसले, ग्लास माझ्या हातात दिला आणि आपला उजवा हात मामींच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला. इंजिनचा आवाज चढला की ते हात किंचित दाबत. पाय जागच्या जागी राही आणि गाडी अलगद पुढे जाई.

"हे काय वं माय! लोक पाहून राहिले," मामी लाजून म्हणाल्या.

"पाहू दे. मी गिअर ऐकून राहिलो."

मुलाला मामांनी फोनवर ठासून सांगितलं, फॉल्ट गाडीतच होता, निघाला. या वर्षी आम्ही पुन्हा भिवापूरला गेलो. मामींचा पाय क्लच केव्हाच विसरला आहे. येताना मिरच्यांच्या पोत्याशेजारी बसून मी ताक धरलं होतं, थेंबही सांडला नाही. दोघंही आता थकली आहेत, समोर ती दोन पांढरी डोकी आणि मामांचा हात अजूनही मामींच्या गुडघ्यावर. हाताची काही गरज उरली नाही, हे मामांना कळत असणारच. मामींनाही सगळं कधीचंच कळलं असावं, असा मला दाट संशय आहे. पण तो हात बाजूला केलेला मी अजून तरी पाहिला नाही.