विहिरीकाठचा जाड बांबू

वाटूरजवळच्या आमच्या शेतात विहिरीपासून बांधापर्यंत बांबू आहे. गेल्या हिवाळ्यात एक म्हातारा धनुष्यासाठी त्यातला एक मागायला आला. मी ऐटीत विहिरीकाठचा सगळ्यात जाड बांबू दाखवला. त्यानं तो बोटानं ठोकला, कान लावून ऐकला आणि नकारार्थी मान हलवली.

बांधावरच्या मुरमात उगवलेला एक काटकुळा बांबू त्याच्या मनात भरला. पण तोही लगेच तोडला नाही. त्याला नुसती चिंधी बांधली.

"पुनव सरू द्या मालक. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडला तर किडा लागत न्हाई."

"अहो, पण एवढा बारीक?" मला हसूच आलं.

"पाणी पिऊन फुगलेला वाकतो, पण परतून येत न्हाई. मुरमातला बराबर परततो."

उन्हाळ्यात तो त्याच काटकुळ्या बांबूचं धनुष्य घेऊन परत आला. विहिरीकडं तोंड करून त्यानं दोरी कानापर्यंत ओढली. बाण सुटला आणि पन्नास पावलांवरच्या माझ्या जाड बांबूत खचकन घुसला. हरलो मी होतो, तरी टाळ्या मीच वाजवत होतो.

म्हातारा मिशीत हसला. "बघा, तुमचा बांबूबी कामाला आला!"