दाफिनाच्या कोरड्या कुंड्या

माझी बायको दाफिना महाहट्टी. स्मोल्यान शहरात कुणालाही विचारा.

आमच्या रोडोपी डोंगराच्या कड्यांवर जांभळ्या फुलांचं एक रोप उगवतं. पाणी तुटलं की चुरगळलेल्या कागदासारखं वाळतं, आणि पाणी मिळालं की पुन्हा हिरवं होतं. त्यातलं मेलेलं कुठलं आणि निजलेलं कुठलं, हे दाफिना सुकल्या पानावरून सांगते. वनस्पती संशोधन केंद्रात त्याच कामावर तिचे केस पिकले. तिला एकच शोधायचं होतं: थेंबभर पाण्याशिवाय हे रोप तीन वर्षं तग धरतं का? केंद्राचं छप्पर गळतं, म्हणून कुंड्या आल्या आमच्या माळ्यावर. दोन वर्षं सरली. माळ्यावर मला घाम गाळायचीही चोरी!

मग वरून फर्मान आलं, काम आवरा. आणखी एक वर्ष मागायला ती राजधानीत, सोफियाला निघाली. माझ्या आईनं रीतीप्रमाणे तिच्या वाटेवर पाणी ओतलं, काम पाण्यासारखं वाहावं म्हणून. इथवर ठीक. पण भांड्यात उरलेलं पाणी घेऊन म्हातारी माळ्यावर चढली.

दाफिना वर्ष मिळवून परतली, तर आई दारातच उभी.

"चल वर, गंमत दाखवते. सगळी जगली गं!"

कुंड्या हिरव्यागार झाल्या होत्या. दाफिनानं एकेक पान चाचपलं.

"आई, हे काय केलंत?"

"बिचारी दोन वर्षं तहानलेली. तू शुभकामाला निघालीस आणि ती कोरडी? माझ्याच्यानं बघवेना."

"एकच वर्ष राहिलं होतं हो!" दाफिना हमसाहमशी रडायला लागली. मी आईवर उखडलो, तर रडता रडता मलाच म्हणाली, "तू गप्प बस."

एकदा उठलेली रोपं आता चालणार नव्हती. दुसऱ्या दिवशी नवी आणायला ती दोर घेऊन कड्याकडे निघाली.

"अगं, पुढच्या वर्षी तू निवृत्त होतेस. नंतरचा पगार कोण देणार?"

"पगार मागितलाय कुणी? कडा आहे, माळा आहे."

त्या दिवसापासून आई जेवणावरून उठून जायची, सुनेकडे बघायची नाही. चीज भरलेली खुसखुशीत बनित्सासुद्धा तिनं केली नाही. मला तिची कीव आली.

नवी रोपं वाळली, तेव्हा दाफिनानं माळ्याला कुलूप घातलं आणि किल्ली आईच्या हातावर ठेवली.

"राखण तुमची."

आईचं वय चौऱ्याऐंशी. "माझी? अगं, मी मध्येच गेले तर?"

"तीन वर्षं कुठंही जायचं नाही. काम पुरं व्हायचंय."

आईनं किल्लीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली.

"बरं. पण शेवटी पाणी मीच घालणार."