सरांची मुलगी आउट

आमच्या लीगमधली ट्रॉफी कोणी जिंकत नाही, ती गळ्यात पडते. बांधकामावर काँक्रीटची ताकद तपासायला जे ठोकळे भरून ठेवतात, त्यातला एक कोणीतरी कधीतरी सोनेरी रंगवला. डब्लिनमधल्या काही आर्किटेक्ट ऑफिसांची ही उन्हाळी सॉफ्टबॉल लीग. ठोकळा मात्र त्यातल्या दोनच ऑफिसांचा, आमचा आणि कालव्यापलीकडच्यांचा. ऑगस्टमध्ये दोघांची मॅच होते आणि जे हरतील त्यांनी तो वर्षभर रिसेप्शनमध्ये ठेवायचा, क्लायंटला दिसेल असा. क्लायंटने विचारलं तर खरं सांगायचं, हेही ठरलेलं. आमच्याकडे तो चार वर्षं मुक्कामाला होता. मध्ये आम्ही त्याच्यावर कुंडी ठेवून पाहिली, तर पलीकडच्यांचा एकजण ड्रॉइंग पोचवायच्या निमित्ताने आला आणि कुंडी उचलून जमिनीवर ठेवून गेला.

पलीकडचे मालक आणि आमचे मालक एकेकाळचे भागीदार. एका जिन्याच्या कठड्यावरून वेगळे झाले असं सांगतात. अजूनही दर शुक्रवारी एकाच पबमध्ये बसतात आणि एकमेकांच्या इमारतींना नावं ठेवतात. दोघांनाही खेळता येत नाही, पण इंचाइंचावरून वाद घालायला आर्किटेक्टला वेगळं शिकवावं लागत नाही. लीगच्या नियमाप्रमाणे बॅटिंग करणाऱ्या टीमनेच अंपायर द्यायचा, त्यामुळे प्रत्येक निकालाला दहा मिनिटं लागायची.

मी नोकरीला लागले तेव्हा भारतीय म्हणजे क्रिकेट असं समजून ऑफिसातल्यांनी मला कौतुकाने बॅट कशी धरायची ते दाखवलं. मी म्हटलं, मी शाळेत सॉफ्टबॉलच खेळायचे. कोणाला खरं वाटेना. अमरावती जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मुली सॉफ्टबॉल खेळतात हे डब्लिनच्या माणसाला कुठून माहीत असणार? पुण्यात वाढलेल्या माझ्या नवऱ्यालाही लग्नाआधी माहीत नव्हतं. आमच्या शाळेत हा खेळ आला तो क्रीडाशिक्षकांमुळे. हे क्रीडाशिक्षक म्हणजे माझे बाबा. शाळेच्या फाटकात शिरलं की त्यांना ‘सर’ म्हणायचं आणि घरी आल्यावर ‘बाबा’, अशी मला पहिल्यापासून शिस्त होती. तेसुद्धा फाटकातून बाहेर पडले की पुस्तकी मराठी सोडून वऱ्हाडीत यायचे.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी त्यांना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. सँट्रीतल्या आमच्या अपार्टमेंटवरून विमानं इतकी खालून जातात की पहिले चार दिवस ते प्रत्येक विमानाला खिडकीशी जायचे. पाचव्या दिवशी तेही बंद झालं. दिवसभर एकटे. नवरा आणि मी संध्याकाळी घरी येईपर्यंत भांडी घासून, पुसून, चुकीच्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) लावलेली असायची. त्यांचं मन कशात रमत नव्हतं आणि ते तसं सांगतही नव्हते. एका बुधवारी मी त्यांना मॅचला घेऊन गेले, ते घरी एकटे बसायला नकोत म्हणून, दुसरं काही नाही.

त्यांनी अंगात हाफ स्वेटर, डोक्याला मफलर आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते. घडीच्या खुर्चीवर पाच मिनिटं बसले आणि मग उठून सरळ पहिल्या बेसकडे चालत गेले. बेस चुकीच्या जागी आहे, असं त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, बाबा, इथे सगळे आर्किटेक्ट आहेत, टेपने मोजून लावलेत. ते म्हणाले, बाजू मोजल्या असतील, कोपरा नाही मोजला. मग त्यांनी कोणाकडून तरी दोरी मागून घेतली, तीन, चार, पाच अशा मापाने तिला गाठी मारल्या आणि मला आणि ऑफिसातल्या एकीला एकेक टोक धरायला लावलं. शाळेत फक्कीने खो-खोचं मैदान आखताना ते हेच करायचे. आमचा चौकोन चारही बाजूंनी सारखा होता, पण तिरका. दोन ऑफिसांतली तीस डोकी मिळून एक काटकोन लावू शकली नव्हती, आणि हे किती वर्षं चाललं होतं देव जाणे. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या मालकांनी सगळ्या लीगला ईमेल पाठवली की बेस लावायची पाळी कोणाची होती याची चौकशी व्हावी. आमच्या मालकांनी उत्तरात त्यांच्या जुन्या जिन्याचा फोटो जोडला.

त्यानंतर अंपायर कोण, हा प्रश्नच उरला नाही. पलीकडचे चिडवायला म्हणाले की हे तर तुमच्याच घरचे, तटस्थ कसे? मी सांगितलं की ते माझ्या बाजूने कधीच निकाल देणार नाहीत, त्याची हमी मी देते. सगळे हसले. मी गंमत करत नव्हते.

शाळेत मी आणि आणखी एखादी बोलताना सापडलो तर मैदानाला फेऱ्या मी मारायच्या. प्रॅक्टिसमध्ये बॉल आणि पाय एकत्र आले तर आउट मी. बाकीच्यांना संशयाचा फायदा मिळायचा. मला कधी मिळाल्याचं आठवत नाही. नववीत असताना जिल्ह्याच्या संघाची निवड होती, निवडणाऱ्यांत बाबा होते. मी तिसऱ्या बेसवर खेळायचे आणि चांगली खेळायचे, हे मी आज कोणाचीही भीड न बाळगता सांगते. यादीत सोळा नावं होती, त्यात माझं नव्हतं. सरांची पोरगी म्हणून घेतली असं कोणी म्हणायला नको, एवढंच त्यांनी आईला सांगितलं. मला तेही सांगितलं नाही. आईने ट्रॅकसूट धुऊन ठेवला होता, तो तिने परत कपाटात ठेवला.

आता मी बेचाळीस वर्षांची आहे. आर्किटेक्ट म्हणून माझ्या नावावर इथे दोन शाळा आणि एक वाचनालय उभं आहे. तरी बाबा अंपायर म्हणून होम प्लेटमागे, बॅटिंगच्या जागेमागे, उभे राहिले की मी बॅट उचलण्याआधी वळून त्यांच्याकडे बघायचे. त्यांनी माझी बाजू घ्यावी असं मला वाटत नव्हतं. जे झालं तेच त्यांनी म्हणावं, इतर कोणाला म्हणतात तसं, एकदा, एवढंच मला हवं होतं. जून-जुलैच्या मॅचेसमध्ये तशी वेळच आली नाही. मी आउट व्हायचे ती स्पष्ट, आणि सेफ असायचे तीही स्पष्ट. बाबा मात्र खुलत गेले. मंगळवारी रात्रीच बूट पुसून ठेवायचे. कोणी कसं काय विचारलं की इथल्या लोकांसारखं ‘ग्रँड’ म्हणायला लागले. मैदानावर माझ्या तोंडून ‘सर’च निघायचं, ते ऐकून लीगमधले सगळे त्यांना तसंच म्हणत.

ठोकळ्याच्या मॅचला मळभ होतं, पण पाऊस नव्हता. शेवटच्या इनिंगमध्ये आमची एकच विकेट उरली होती (हा शब्द सॉफ्टबॉलचा नाही, पण माझ्या तोंडातून जात नाही) आणि बरोबरी साधायला एक रन हवी होती. मी तिसऱ्या बेसवर होते, तिथून होम प्लेटला पोचलं की रन. आमच्या मालकांनी जन्मात पहिल्यांदा बॉल नीट मारला आणि मी होम प्लेटकडे सुटले. आमच्या लीगमध्ये टक्कर होऊ नये म्हणून नियम साधा आहे: कॅचरच्या हातात बॉल आधी आला तर आउट, धावणाऱ्याचा पाय प्लेटवर आधी पडला तर सेफ. माझा पाय आधी पडला. पायाखाली रबर लागलं आणि त्यानंतर बॉल ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं तर बाबांची मूठ वर गेलेली होती, म्हणजे आउट.

“सर, पाय आधी होता,” मी म्हटलं.

“डिसिजन इज डिसिजन,” ते म्हणाले आणि बेस गोळा करायला निघून गेले.

पलीकडच्यांनी जल्लोष केला, आमच्यांनी शिव्या दिल्या, त्याही प्रेमाने, आणि सगळे पबमध्ये गेले. मी बाबांना घेऊन घरी आले. मला इतका राग आला होता की सँट्रीचं वळण चुकून मी विमानतळापर्यंत गेले. बाबा खिडकीतून विमानं बघत होते.

दोन दिवसांनी पलीकडच्या मालकांनी मला फोटो पाठवला. त्यांच्याकडची एक मुलगी इमारतींचे फोटो काढते, तिने मॅचचे काढले होते. माझा पाय प्लेटवर टेकलेला आणि बॉल अजून हवेत, कॅचरच्या ग्लोव्हपासून चांगला वीतभर लांब. खाली त्यांनी लिहिलं होतं की अशा विजयाने आमचं समाधान होत नाही, सर परत जायच्या आधी पुन्हा खेळू. आमच्या मालकांना त्यांनी वेगळी ईमेल पाठवली की तोवर ठोकळा जिथे आहे तिथेच राहू द्या, त्याला सवय झाली आहे.

त्या संध्याकाळी बाबा ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. ते काय म्हणतील याची मी तयारी करून ठेवली होती. मोतीबिंदू, वय, मळभ, यातलं काहीही मी मान्य करणार होते. त्यांनी हात पुसले, चष्मा पुसला आणि फोटो बराच वेळ पाहिला.

“मले दिसलं होतं,” ते म्हणाले. “तुहाच पाय आधी होता. पण हात वर गेला. सवय पडली ना बाप्पा.”

मग मी बोलले. नववीतलं बोलले, फेऱ्यांचं बोलले, ट्रॅकसूटचं बोलले. इतक्या वर्षांचं सगळं स्वयंपाकघरात उभं राहून, आवाज चढवून. शेजारची माणसं काय म्हणतील याचीही पर्वा केली नाही. म्हटलं, तुम्हाला निदान दिसत नसेल असं मी स्वतःला समजावत आले.

त्यांनी कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला केल्या.

“तवाबी दिसे,” ते म्हणाले. “त्या सोळा पोरींत तू बसत होती.”

एवढंच. चुकलो म्हणाले नाहीत. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि ते रडणं रागाचं होतं की आणखी कशाचं, हे मला अजून सांगता येत नाही. बाहेर आले तर त्यांनी चहा ठेवला होता, माझ्यासाठी आलं जास्त घातलेला. आम्ही दोघं तो टीव्हीसमोर बसून प्यायलो आणि पुढे चार-पाच दिवस जेवणखाण, औषधं आणि त्यांच्या बॅगेचं वजन यापलीकडे बोललो नाही.

पुन्हा ठरवलेली मॅच त्यांच्या विमानाच्या आदल्या बुधवारी झाली. आम्ही तीही हरलो, आणि चांगल्या पाच रननी हरलो, म्हणजे ठोकळा आमच्याकडेच राहिला. तेव्हा निकालाचा प्रश्न नाही. मला सांगायचं आहे ते पाचव्या इनिंगचं.

मी बॉल मारला आणि पहिल्या बेसकडे पळाले. पलीकडच्यांचे मालक त्या दिवशी पहिल्या बेसवर उभे होते. बॉल त्यांच्या ग्लोव्हमध्ये बसला तेव्हा मला अजून एक पाऊल टाकायचं होतं. संशयाला जागाच नव्हती. वेग आवरत मी मागे पाहिलं. बाबा प्लेटमागून पळत पुढे आले होते, सत्तरीच्या माणसाने पळू नये तसे. त्यांची मूठ वर निघाली होती, खांद्यापर्यंत आली होती. तिथे ती थांबली. मग त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले आणि शाळेतल्या मैदानावर ऐकू जायचा त्या आवाजात ‘सेफ’ म्हणाले.

पलीकडच्या मालकांनी ग्लोव्हमधल्या बॉलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि हळूच मला विचारलं की तुझं काय म्हणणं? लीगमध्ये तशी पद्धत आहे, खेळाडूने आपणहून आउट म्हटलं तर अंपायर ते मानतो. मी स्वतः कितीदा तसं म्हणून बेस सोडला आहे. सरांच्या शाळेत शिकले होते ना.

बाबांचे हात अजून तसेच पसरलेले होते. ते माझ्याकडे बघत होते.

मी आउट होते. पलीकडच्या मालकांना ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बाबांना तर सगळ्यांत आधी दिसलं होतं. “सरांनी सेफ दिलंय,” मी म्हटलं, आणि बेसवरून हलले नाही.