जयवंताची कबरी

सापन नदीच्या काठाला, परतवाड्याहून बैलगाडीनं दुपारपर्यंत पोचता येईल अशा एका गावात जयवंता माळीण राहत होती. मध्यप्रांत-वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या काळची ही गोष्ट. नदीला लागून तिची भाजीची वाडी होती. वांगी, मेथी, मिरची, कडेला झेंडू. जमीन थोडी, पण विहिरीला उन्हाळ्यातही पाणी.

तिचा नवरा भगवंत परतवाड्याला जंगल खात्यातल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर गुरं सांभाळायचा. या साहेबानं घोडे विकत घेतले होते ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या बोटीवरचे, आणि त्याच बोटीतून आलेली कुत्र्यांची एक जोडीही आणली होती. बुटकी, रुंद छातीची, ताठ कानांची कुत्री. अंगावर निळसर राखाडी ठिपके, जणू कोणी ओल्या राखेचे शिंतोडे उडवलेत. भुंकत नसत. गुरांच्या मागं चोरपावलांनी जायची, टाचेला हलकेच दात लावायची आणि लाथ येण्याआधी जमिनीला पोट टेकून सपाट व्हायची. लाथ डोक्यावरून जायची. भगवंताला या कुत्र्यांचं वेड लागलं. साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं एक पिल्लू मागून घेतलं.

पिल्लू घरी आलं तेव्हा पांढरं फेक होतं.

"ठिपके कुठं गेले याचे?" जयवंतानं विचारलं.

"येतील. जलमतात तवा पांढरीच असतात," भगवंत म्हणाला. "पाय तू, पोळ्यापर्यंत कशी कबरी होते ते."

ती कबरी झालेली भगवंतानं पाहिली नाही.

गावचा पाटील खुशालराव याला नदीकाठी संत्र्याचा बगीचा करायचा होता. नाल्यापलीकडचं शेत त्याचंच होतं, पण पाणी जयवंताच्या विहिरीला. त्यानं वाडी मागितली, भगवंतानं दिली नाही. मग पाटलाची गुरं वाडीत घुसायला लागली. आज मेथी गेली, उद्या वांग्याचा वाफा. तक्रार केली की पाटील म्हणायचा, "मुकं जनावर हाय बाप्पा, त्याले कुपाटी-कुंपण समजते का?"

चैत्रातल्या एका संध्याकाळी गुराखी शेषराव तहानलेला सगळा कळप हाकत कुंपणाच्या खिंडाराशी आला. भगवंत दोन्ही हात पसरून खिंडारात उभा राहिला. माणूस पाहून शेषराव थबकला. मागं बांधावर खुशालराव उभा होता.

"थांबला काहून? हाक!" तो म्हणाला.

शेषरावानं हाकलं. विहिरीवर मोट धरून उभ्या असलेल्या जयवंतानं ते शब्द आपल्या कानांनी ऐकले. ती धावत पोचली तोवर कळप भगवंताच्या अंगावरून पाण्याच्या पाटाकडे गेला होता. बरगड्या मोडल्या होत्या. तो बाजेवर पडून राहिला आणि अखाजीच्या आधी गेला.

चौकशीला जमादार आला. जयवंतानं ऐकलेलं सांगितलं. शेषराव खाली मान घालून म्हणाला, "मले काही आयकू नाही आलं." गुरं बुजली, माणूस मधात आला, असं ठरलं. पाटलानं तेराव्याला ज्वारीचं पोतं पाठवलं. जयवंतानं ते दारातच फोडलं आणि ज्वारी रस्त्यावर सांडून दिली. चिमण्यांनी खाल्ली.

त्या दिवसापासून ती रडली नाही. भाऊ रिद्धपूरहून न्यायला आला तर त्याला म्हणाली, "मी येत नाही. माहं इथं काम हाय."

काम म्हणजे कबरी.

भगवंत साहेबाच्या माणसांकडून काय काय शिकला होता, ते तिनं चुलीपाशी बसून ऐकलेलं होतं. स्वतः करून काही पाहिलं नव्हतं. कबरीला लांब दोर बांधून ती आधी कोंबड्यांच्या मागं सोडायची, मग शेळ्यांच्या, मग आपल्या गोऱ्ह्यामागं. शीळ घातली की जायचं, जीभ टाळ्याला लावून टक् केलं की बसायचं. जाणं कबरीच्या रक्तातच होतं. अवघड होतं ते सोडणं. एकदा तिनं गोऱ्ह्याची टाच धरली ती सोडेचना, रक्त आलं. जयवंताचा तोल गेला. तिनं चाबकाच्या दांडीनं कबरीला झोडपलं. कुत्री गाडीखाली जाऊन बसली आणि हाकेला येईना, भाकरीला येईना.

जयवंता मातीत पालथी पडून गाडीखाली सरपटत गेली. "तुह्यावर नाही व राग," ती म्हणाली. "ज्याच्यावर हाय, तो बांधावर उभा रायते."

कबरीनं तिचा हात चाटला नाही, पण संध्याकाळी भाकरी खाल्ली. पुन्हा दांडी उचलायची नाही, हे जयवंतानं ठरवलं. टाच सोडली की ताकात कुस्करलेली भाकरी आणि पाठीवर हात. हळूहळू एका टकीसरशी कबरी भर धावेतून जमिनीला चिकटू लागली.

शेजारची पार्बताबाई म्हणाली, "माणसाच्या नरड्याले धरायचं शिकव ना तिले. एका दिवसात हिशेब होते."

"माणसाले चावलं कुत्रं सांजेपर्यंत जितं नाही रायत," जयवंता म्हणाली. "आन् मले कुत्र्याच्या दातानं नाही पायजे. त्याच्याच गुरांच्या खुरानं पायजे."



पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाटलानं नाल्यापलीकडं संत्र्याची कलमं लावली होती. गडी कावडीनं पाणी घालायचे. रोज संध्याकाळी खुशालराव स्वतः येऊन एकेक कलम न्याहाळायचा, पानावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसायचा. जयवंता विहिरीवरून ते पाहायची. तिनं कुंपणालगत हिरवं कडवळ पेरलं, त्याला भरपूर पाणी दिलं आणि ते कंबरेला लागलं तेव्हा स्वतःच्या हातानं बोरीच्या काट्या उपसून खिंडार मोकळं केलं.

पाटलाला वाटलं, बाई थकली. त्यानं शेषरावाला पुन्हा कळप घालायला सांगितलं.

सूर्य अजून झाडांवर होता. गुरं कडवळात शिरली, माना खाली घालून खाऊ लागली. जयवंता त्यांना वळसा घालून मागं गेली आणि तिनं शीळ घातली.

कबरी वाफ्यातून आली ती कोणाला दिसलीच नाही. मागच्या बैलाच्या टाचेला झोंबली, सपाट झाली, लाथ हवेत गेली. मग दुसरा, मग तिसरा. भुंकणारं कुत्रं गुरांना कळतं. न दिसता, न ओरडता खालून चावणारं काय आहे ते त्यांना कळेना. शेपट्या वर करून सगळा कळप ज्या खिंडारातून आला त्यातूनच उलटा फिरला, नाल्यात उतरला, चढून संत्र्यांत घुसला. जयवंता मागं धावत होती. कलमं काड्यांसारखी मोडत होती.

आणि कलमांच्या मधोमध खुशालराव उभा होता. पळायचं सोडून त्यानं दोन्ही हात पसरले. कलमांसाठी पसरले.

"जयवंते! कुत्रं आवर!"

तिची जीभ टाळ्याला लागलेली होती. एक टक् केलं असतं तर कबरी जागच्या जागी बसली असती, गुरं फाकली असती. तिनं पाटलाचे पसरलेले हात पाहिले. चांगले डोळे भरून पाहिले. पहिला बैल त्याच्या खांद्याला घासून गेला, तो पडला, आणखी दोन त्याच्या मांडीवरून गेले. तो किंचाळला.

मग तिनं टक् केलं.

कबरी बसली. गुरं दोन्ही बाजूंनी फुटून निघून गेली. जयवंता त्याच्यापाशी गेली. तो जिवंत होता, पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळला होता.

"पाणी..." तो म्हणाला.

"विहीर माही हाय," ती म्हणाली आणि कबरीला घेऊन घरी आली. पाणी शेषरावानं पाजलं.

या वेळीही जमादार आला. बाईनं कुत्रं घालून मारायला पाहिलं, असं पाटलाकडच्यांनी सांगितलं. जमादारानं शेषरावाला विचारलं. शेषरावानं पागोट्याचं टोक चुरगाळलं.

"गुरं आमची," तो म्हणाला. "आमीच तिच्या वाडीत घातली. मागच्या सालीबी घातली होती, मालकाच्या हुकमानं. भगवंत मधात उभा हाय, हे मले दिसत होतं. आता काय लिवायचं ते लिवा."

त्यानंतर पाटलाकडच्यांनी प्रकरण वाढवू दिलं नाही. शेषराव नोकरी सोडून तेल्हाऱ्याकडं सरकी काढायच्या कारखान्यात गेला. जयवंतानं त्याला माफ केलं नाही, पण जाताना तो वाडीपाशी थांबला तेव्हा तिनं त्याला वाटेसाठी भाकरी बांधून दिली.

कबरी पुढं पुष्कळ वर्षं जगली. गावठी कुत्र्यापासून तिला पिल्लं झाली, ती निम्मी-अर्धी कबरी निघाली. मेळघाटातले गवळी डोंगर उतरून पिल्लं मागायला येत. जयवंता आधी माणसाला गुरांत उभं करून पाही, मगच देई. कोणी कुत्र्यावर काठी उगारली की त्याला रिकामं परत पाठवी.

एक दिवस खुशालरावाची सून लीलाबाई आली. गरीब स्वभावाची बाई. "मावशी, आमची गुरं लय फाकतात व. एक पिल्लू द्या."

जयवंतानं तिला बसवलं, चहा पाजला, पदरात वांगी घातली.

"पिल्लू नाही देत," ती म्हणाली.

"इतकी वर्सं झाली, मावशी. मामंजी आता म्हातारे झाले. त्यांचा काय जोर रायला?"

"म्हातारा झाला ना? माहा माणूस नाही झाला." लीलाबाईचे डोळे भरलेले पाहून तिनं आणखी दोन वांगी घातली. पण पिल्लू दिलं नाही.

खुशालराव तेव्हा लंगडत ओसरीपर्यंतच यायचा. संध्याकाळी त्याची बाज नदीच्या बाजूला टाकलेली असे. जयवंताच्या गुरांचा घरचा रस्ता वाडीमागून सरळ होता, पण ती रोज वळसा घालून त्यांना पाटलाच्या ओसरीपुढून नेई. पुढं गुरं, मागं म्हातारी कबरी आणि तिची दोन पोरं, न भुंकता. ओसरीपाशी आली की ती टक् करी. कुत्री बसत, गुरं थांबत. ती बाजेकडं पाही, मग शीळ घाली.

काही दिवसांनी पाटलानं बाज उचलून घराच्या मागच्या अंगणात टाकायला सांगितली. दुसऱ्या दिवसापासून जयवंता गुरं मागच्या गल्लीतून नेऊ लागली.