पुढचे ठिपके

माझी सून घरात बसून नोकरी करते. पुढच्या वर्षी कंपन्या कॉम्प्युटरवर किती पैसा घालतील, ते ती आजच सांगते. काल तिला चहा द्यायला गेलो तर पडद्यावर एक रेघ होती. आजपर्यंत सलग आलेली, आणि पुढं नुसते ठिपके.

"रेघ संपली का गं?"

"संपली नाही, बाबा. पुढचं अजून घडायचंय, म्हणून ठिपके. अंदाज आहे तो."

"चुकला तर?"

"चुकतोच. मग पुन्हा काढायचा."

"आणि याचा पगार देतात तुला!"

ती इतकी हसली की चहा सांडला. मीही हसलो. पण ते ठिपके काही डोळ्यांपुढून हलेनात. माझी बायको सरू रोज सकाळी दारात आधी ठिपकेच द्यायची. काय काढणार, असं विचारलं की म्हणायची, "ठिपके तर पडू द्या, मग बघू." ती गेली त्या दिवशी माझी रेघ थांबली. उद्याचं मी बघतच नव्हतो. दारही कोरंच राहिलं.

आज सकाळी फळीवरचा तिचा रांगोळीचा डबा काढला. माझी बोटं जाड, चिमटीतून रांगोळी भसाभस पडली. ठिपके कसले, ढेकळंच ती. तरी ओळीनं मांडली.

सून दूध घ्यायला दार उघडून थबकली. "बाबा, हे काय काढलंय?"

"अजून घडायचंय," मी म्हणालो.

दुधाची पिशवी बाजूला ठेवून ती खाली बसली आणि तिनं पहिली रेघ ओढली.